ओरिजिनल पाटे, जयगडचे चिरे

शाळा सुरू झाल्यापासून स्टाफरूममध्ये जो तो मला विचारतो, "काय मग बाई, रत्नागिरी कशी वाटली? समुद्र पाहिला की नाही?" पाहिला हो. गॅरेजच्या दोन पत्र्यांमधून जेवढा दिसला तेवढा पाहिला. बाकी सगळा वेळ मी आमच्या गाडीचं बूड पाहत होते. ज्यांना मे महिन्यात स्वतःची गाडी घेऊन कोकणात उतरायची हौस आहे, त्यांनी हे आधी वाचावं आणि मग गुपचूप एसटीचं तिकीट काढावं.

आम्ही काही हौसेने गेलो नव्हतो. माझी धाकटी बहीण सुधा जयगडला दिलेली. तिचा नवरा बोटीवर. वर्षातले बरेच महिने तो पाण्यावर आणि ही खाडीच्या काठी सासूजवळ. दोनदा तिला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा हातातोंडाशी आलेलं गेलं. दुसऱ्या खेपेला तर जयगडहून रत्नागिरीला एसटीने येताना, वाटेतच. म्हणून या वेळी रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं, की नववा लागला की माझ्या दवाखान्याजवळ येऊन राहायचं, आणि येताना धक्का म्हणून बसता कामा नये. एसटी नको, जीप नको. भाड्याच्या ज्या दोनचार बऱ्या गाड्या होत्या त्या सगळ्या लग्नाच्या वऱ्हाडांत अडकलेल्या. आई आमची नाही. तेव्हा माहेर म्हणजे मीच, आणि गाडी म्हणजे आमचीच. आमच्या यांनी फोनवर सुधाला शब्द दिला, "तुझ्या पोटातलं पाणी हलू देणार नाही."

आता यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. हे पाटबंधारे खात्यात आहेत. माणूस सरळ, निर्व्यसनी. व्यसन एकच, ओरिजिनल. कुकरची रिंग ओरिजिनल, पंख्याचा कंडेन्सर ओरिजिनल. एकदा छत्रीची काडी मोडली तर मुंबईहून त्याच कंपनीची काडी येईपर्यंत हे भिजत ऑफिसला गेले. आमच्या नात्यातली माणसं या स्वभावाला शिस्त म्हणतात. त्यांना यांच्याबरोबर राहावं लागत नाही.

संगमेश्वरच्या पुढे

कुंभार्ली घाट काय छान उतरलो आम्ही! चिपळूणला घावणे आणि नारळाची चटणी खाल्ली, काळवंडलेल्या कपातून चहा प्यायलो. मला वाटलं, उगीच लोक घाबरवतात. संगमेश्वर मागे पडलं आणि एका वळणावर समोरून आलेल्या ट्रकला वाट देताना आमचं मागचं चाक खड्ड्यात गेलं. खाडकन आवाज झाला. गाडी म्हैस चिखलात बसावी तशी एका अंगावर बसली.

कोकणात माणूस मदतीला लगेच धावून येतो असं म्हणतात, ते अगदी खरं आहे. पाच मिनिटांत तिथे चौघंजण जमले. एक म्हणाला, "पाटा गेला." दुसरा म्हणाला, "पाटा नाय, बुश गेला." तिसऱ्याने वाकून बघितलं आणि विचारलं, "पुण्याची काय?" चौथा नुसता मान हलवत राहिला, जसं काही घरातलं कोणी गेलंय. हात मात्र एकानेही लावला नाही. हे रुमाल अंथरून खाली वाकले आणि उठून म्हणाले, "पाटा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही तोवर माहीत नव्हतं. गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकाखाली एक बांधलेल्या असतात. त्या लवतात म्हणून आपल्याला धक्के बसत नाहीत. त्यांना पाटे म्हणायचं. आमचा वरचा, सगळ्यात मोठा पाटा, मधोमध तुटला होता. तशीच लंगडत लंगडत, बैलगाड्यांनासुद्धा पुढे जाऊ देत, आम्ही रत्नागिरीत शिरलो.

माळनाका

माळनाक्याच्या उतारावर बाबू मेस्त्रीचं गॅरेज. चार खांब, वर पत्रे, आणि मी आधी म्हटलं तो चतकोर समुद्र. बाबू मेस्त्री गोल तोंडाचा, हसरा माणूस; गाडीखाली जाताना हसला आणि बाहेर येतानाही हसला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

"मेन पाटा गेलाय साहेब. लोकल सेट टाकतो. उद्या सकाळी गाडी घेऊन जावा."

"लोकल?" हे असे दचकले, जणू बाबूने यांच्याकडे विंचू फेकलाय. "लोकल नको. ओरिजिनल."

"ओरिजिनल नरम असतात साहेब. आमच्या रस्त्यांना लोकलच बरे."

"मला नरमच हवेत," हे म्हणाले, आणि मग मला बाजूला घेऊन त्यांनी जे सांगितलं ते मला पटलं, हे मी कबूल करते. लोकल पाटे जाड, ओझ्यासाठी केलेले. त्यांच्यावर गाडी मोडणार नाही पण आतला माणूस मोडेल. कंपनीने पाटे केलेत ते आत बसणाऱ्याच्या सुखासाठी. आपल्याला न्यायचंय कोणाला? सुधाला. तेव्हा ओरिजिनलच. एरवी मी यांच्याशी कडाकडा भांडले असते, पण सुधाचं नाव निघालं आणि मी गप्प बसले.

मग आम्ही स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकान बंद. दुपारी दुकान बंद ठेवण्यात आम्हा पुणेकरांची बरोबरी कोणी करणार नाही असा माझा समज होता, तो रत्नागिरीने पुसून काढला. उघडल्यावर शेटजी पान जमवत आले.

"ओरिजिनल पाटे आहेत?"

"आहेत ना."

आतून सेट आला. यांनी लेबलावर अंगठा घासला, शाई अंगठ्याला लागली. "हे ओरिजिनल नाहीत."

"पण डुप्लिकेट पण नाहीत साहेब," शेटजी दुखावले. "हे ओरिजिनल डुप्लिकेट आहेत."

"म्हणजे काय?"

"डुप्लिकेट म्हणजे कोणीही कसेही केलेले. हे ज्याने केलेत तो नेहमी हेच करतो. त्याची पण डुप्लिकेट निघतात बाजारात, ती आम्ही ठेवत नाही."

हे तिथल्या स्टुलावर बसले. मी विचारलं, "आणि खरे ओरिजिनल? कंपनीचे?"

"येतील ना."

"कधी?"

"येतील."

हे 'येतील ना' कोकणात जाऊन एकदा ऐकाच. आमच्याकडे दुकानदार 'नाही' म्हणतो आणि परत पेपरात डोकं घालतो. राग येतो, पण निदान कळतं तरी. इथे माणूस इतकं गोड बोलतो की तुम्ही खूश होऊन पायरी उतरता, आणि कोपऱ्यावर पोचल्यावर लक्षात येतं की आपल्याला काहीच मिळालेलं नाही. शेवटी यांनी कोल्हापूरला ट्रंक कॉल लावला, ओरडून ओरडून गाडीचं मॉडेल सांगितलं, आणि पाटे एसटीच्या पार्सलने येणार असं ठरलं.

ते 'येणार' पुढचे दोन दिवस चाललं. हे एसटी स्टँडवर जायचे, पार्सलवाला म्हणायचा, "आज नाय, उद्या असेल." आम्ही सुधासाठी दवाखान्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या होत्या, तिथे मी गाद्या उन्हात घालून, पाणी भरून, वाट बघत बसायची. शेजारच्या खानावळीतून फणसाची भाजी, उकड्या तांदळाचा भात आणि सोलकढी यायची. पुण्यात मी सोलकढीसाठी जीव टाकते, पण तिथे घशाखाली उतरेना. डोळ्यांसमोर एकच, की तिथे सुधा अंथरुणावर पडून रस्त्याकडे कान लावून बसली असेल.

"घाला तो लोकल आणि चला," मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओरडलेच.

"आणि वाटेत काही झालं तर?" हे म्हणाले. "मागच्या वेळेसारखं?"

आगीतून फुफाट्यात पडण्यापेक्षा थांबलेलं बरं, असं म्हणून मी भांडी घासायला घेतली.

शनिवारी संध्याकाळी पार्सल आलं. सुक्या बोंबलांच्या टोपलीखाली ठेवून आणलेलं, त्यामुळे वास असा की खोलीत ठेववेना. पण वर कंपनीचं सील होतं! यांनी ते सील असं कुरवाळलं की लग्नात माझा हातसुद्धा एवढ्या मायेने धरला नव्हता.

रविवार, सकाळ

रविवार असूनही जयगडच्या पोस्टमास्तरांनी पोस्ट उघडून दिलं आणि उजाडताच तिथून फोनने निरोप आला. सुधाच्या पायांवर सूज आहे, काल रात्री चक्कर आली. मी धावत डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "आज संध्याकाळच्या आत तिला इथे आणा. आणि सांभाळून. दवाखान्याची जीप मी पाठवू शकते, पण त्या जीपमधून तिला आणू नका असंच मी सांगेन."

बाबू मेस्त्रीने त्याच सकाळी दोन्ही बाजूंचे पाटे बदलून गाडी हवाली केली. अंगात इस्त्रीचा शर्ट, कानात अत्तराचा बोळा. त्याला वेळणेश्वरला भाच्याच्या लग्नाला जायचं होतं आणि त्याची माणसं रस्त्यावर टेंपोत बसून हाका मारत होती.

"ओरिजिनलच घातले ना?" यांनी विचारलं.

"तुमच्यासमोर तर सील फोडलं."

"मग गाडी मागून वर का दिसतेय?"

खरंच, कोंबडी दाणे टिपायला वाकते तशी गाडी शेपूट वर करून उभी होती.

"नवीन हायत साहेब. बसतील." बाबू हसला आणि टेंपोत चढला.

निवळी फाटा

हातखंब्यापर्यंत मला वाटत होतं रस्ताच वाईट आहे. निवळी फाट्यापर्यंत माझं डोकं तीनदा छताला आपटलं होतं आणि जीभ दातांखाली आली होती. प्रत्येक बारीकसारीक खड्डा पाठीच्या मणक्यात मोजून घ्यावा लागत होता. त्या तुटक्या पाट्यावर आलो तेव्हासुद्धा एवढे हाल झाले नव्हते. हे घट्ट ओठ मिटून चालवत होते. शेवटी चहाच्या टपरीशी त्यांनी गाडी उभी केली, पॅन्ट गुडघ्यावर ओढली आणि आडवे होऊन खाली शिरले.

बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा. "पाटे ओरिजिनलच आहेत," ते म्हणाले. "पण त्यांच्या खाली आणखी एकेक जाड पाटा घातलाय. दोन्ही बाजूंना. भंगारातल्या कुठल्यातरी जीपचा."

"कोणी?"

"बाबू मेस्त्रीचं काम काय?" चहावाल्याने स्टोव्हला पंप मारत मधेच विचारलं. "तो घालतोच. मे महिन्यात मुंबई-पुण्याची गाडी त्याच्याकडं आली की पाटा वाढवतोच. जाताना तुमी लोक आंब्याच्या पेट्या भरभरून नेता, मग घाटात गाडी बसते, आनि शिव्या मेस्त्रीला. म्हणून तो आधीच घालून ठेवतो. पैसे नाय घेत हां त्याचे!"

फुकट! म्हणजे भाजीवाली कोथिंबिरीची काडी टाकते तसा या माणसाने आमच्या गाडीखाली जीपचा पाटा टाकला होता. विचारलं नाही, सांगितलं नाही. उलट आपण केवढं चांगलं काम केलं म्हणून हसत हसत लग्नाला गेला. मला इतका संताप आला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन दिवस! तीन दिवस त्या सीलबंद ओरिजिनलची वाट बघत माझ्या बहिणीला ताटकळत ठेवलं, आणि शेवटी मिळालं काय, तर बैलगाडी.

"परत जाऊन काढून घेऊ," मी म्हटलं.

"कोणाकडून? तो वेळणेश्वरला गेला."

"दुसरा मेस्त्री?"

चहावाला हसला. "बाबूने बांधलेलं दुसरा कोन सोडवनार? उद्या तोंड दाखवायचं असतं एकमेकांना."

घ्या! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, इथे मेस्त्र्यांची एकी. घड्याळ पुढे सरकत होतं. जयगडला निदान पोचू तरी, मग बघू, असं म्हणून आम्ही निघालो.

जाकादेवीला दोन कोळणींनी हात केला. सकाळचे मासे विकून झालेले, परतीची एसटी चुकलेली. अंगाने दोघीही भरभक्कम, आणि बरोबर बाजारातून घेतलेलं तांदळाचं पोतं. माझी कोणाला गाडीत घ्यायची मनःस्थिती नव्हती, पण यांनी थांबवली.

"कुटं गो चाल्लाव, जयगडास?" मोठीने विचारलं आणि पोत्यासकट मागे स्थिरावली. "अगो बाय, गाडी केवडी मऊमऊ! आमची एसटी म्हंजे निस्तं सुपात घालून पाखडते."

त्या दोघींनी मग मला सगळं विचारून घेतलं, मुलं किती, सासू आहे की गेली, पुण्यात बांगडा काय भावाने मिळतो. सुधाचं ऐकल्यावर धाकटीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "या बारीला होईल गो समदं नीट. नको रडू." खंडाळा गेलं, खाडीचा वारा लागला. मी यांना म्हटलं, "इकडचा रस्ता बरा दिसतोय."

यांनी आरशातून एकदा मागे पाहिलं.

गावाच्या अलीकडे कोळणी उतरल्या, पोतं उतरलं. गाडी निघाली आणि पहिल्याच खड्ड्यात माझं डोकं छताला लागलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रस्ता तोच होता. ओझं उतरलं होतं.

जयगड

सुधाच्या सासूबाईंना सारा गाव काकी म्हणतो. बारीक, काळी, काष्ट्याचं लुगडं, आवाज मात्र पार धक्क्यापर्यंत जाईल असा. आमची गाडी त्यांच्या गल्लीच्या उतारावरून धाड धाड करत आली ती त्यांनी ऐकली होती. त्या अंगणाच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"ह्या गाडीतनं माजी सून नेणार तुमी?"

"काकी, आधी आत तर येऊ द्या."

"तुमी या. गाडी नाय." त्या बाजूला झाल्या. "दोन खेपा झाल्या. मी गप बसले, दोन्ही खेपा. आता नाय बसणार."

आत सुधा पडून होती. पाय सुजून तट्ट. मला बघून हसली आणि मग तिचा धीरच सुटला. "ताई, तू लवकर येणार होतीस ना गं?" मी तिला काय सांगू? पाट्यांची गोष्ट सांगू? मी तिचे केस मागे सारत बसले. भिंतीपलीकडे ठकठक चालू होती. काकी नवीन खोली बांधून घेत होत्या, येणाऱ्या बाळासाठी आणि बोटीवरून येणाऱ्या मुलासाठी. अंगणात जांभ्याचे चिरे रचून ठेवले होते, लालभडक, एकेक असा की उचलायला दोन माणसं लागावीत.

मी त्या चिऱ्यांकडे बघितलं. मग उठून बाहेर आले. हे गाडीजवळ उभे होते आणि त्यांची नजरही चिऱ्यांवरच होती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांच्या मनात एकाच वेळी एकच गोष्ट आली असं पहिल्यांदाच घडलं असेल.

"काकी," मी म्हटलं, "तुमचे चिरे हवेत. गाडीत घालायला."

"गाडीत चिरे? डोकं ठिकाणावर हाय ना?"

मी त्यांना कोळणींचं सांगितलं, पोत्याचं सांगितलं. यांनी शास्त्र सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांना गप्प केलं. काकींनी ऐकून घेतलं. मग गवंड्याला हाक मारली, "ये रे. थोडे चिरे घाल पावण्यांच्या गाडीत. मायंदाळ पेंढा घाल खाली, खडखडतील."

यांनी आणि गवंड्याने डिकीत पेंढा अंथरून चार चिरे ठेवले. गाडीची शेपूट जरा खाली आली. हे म्हणाले, "एक चक्कर मारून बघतो."

"तू एकट्यानं बघून काय कळणार?" काकी म्हणाल्या, आणि चपला काढून, जन्मात पहिल्यांदा, मोटारीत शिरल्या. बसल्या नाहीत. मागच्या सीटवर आडव्या झाल्या, गुडघे वर घेतले, दोन्ही हात पोटावर ठेवले. "मी पोटुशी हाय असं समज. चालव."

मला हसू आलं. गल्लीत बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. गाडी उतारावरून खाली गेली, वर आली. काकींनी डोळे मिटलेले.

"नाय. हिसका लागतो हितं." त्यांनी कंबर दाखवली. "अजून घाल."

आणखी एक चिरा. परत खाली, परत वर. "अजून." गवंडी कुरकुरला, "काकी, जोत्याला कमी पडतील." त्या आतूनच ओरडल्या, "जोतं ऱ्हाऊ दे! खोली कोनासाठी बांधतोस?" आणखी एक चिरा गेला. मागची चाकं आता अशी दबली की यांच्या तोंडावर घाम फुटला, ओरिजिनलची काळजी असणार. गाडी खाली गेली, खड्ड्यावरून गेली, वर आली. काकी बराच वेळ उठेचनात. मला वाटलं काही झालं की काय. मी खिडकीतून डोकावले.

"आता घाला तिला," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या.

मग आम्ही सुधाला त्याच सीटवर तसंच निजवलं. डोकं माझ्या मांडीवर. काकी पुढे बसल्या, सारखी मान मागे वळवून बघत, अगदी रत्नागिरीपर्यंत. रस्त्याकडे नजर गेली की यांना हुकूम सोडत होत्या, "हळू. खड्डा हाय. डावीकडं घे. हळू रे!" आणि जो माणूस मला गाडीत 'जरा हळू' एवढंही म्हणू देत नाही, तो मुकाट्याने "हो काकी, हो काकी" करत होता. निवळीच्या टपरीवाल्याने हात केला, आम्ही थांबलो नाही. मी सारा वेळ सुधाच्या पोटावर हात ठेवून होते. जाकादेवीच्या पुढे तिला झोप लागली. तिला झोप लागलेली बघून मी रडले, तेवढंच. दिवे लागायच्या आत आम्ही दवाखान्याच्या दारात होतो.

परत माळनाका, परत जयगड

मुलगी झाली. पंधरवडाही गेला नाही मधे. रडली ती अशी की काकींचा आवाज कोणाकडे गेला ते सगळ्या दवाखान्याला कळलं.

त्या गडबडीत बाबू मेस्त्री लग्नाहून परतला होता. हे तावातावाने माळनाक्यावर गेले, मी मजा बघायला मागोमाग, आणि माझ्यामागे काकी. बाबूने सगळं हसत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बघा, पाटा वाढवलेला होता म्हणून तर एवढे चिरे तोलले! ओरिजिनलवर घातले असतेत तर पार बसली असती गाडी."

चिरे घालावे लागले ते कोणामुळे, हे सांगायला गेलं तर सकाळची संध्याकाळ झाली असती. आपलेच दात आपलेच ओठ, असं म्हणायचं तर ओठही त्याचेच आणि दातही त्याचेच. "काढा तो," एवढंच यांनी सांगितलं.

तर काकी आडव्या आल्या. "गाडीला हात लावायचा नाय. पोर घरी जाईपत्तोर एक चिरा काढायचा नाय, एक पाटा काढायचा नाय. ज्या गाडीनं सुखरूप आनली, ती तशीच्या तशी परत न्यायची."

यावर वाद घालायची कोणाची हिंमत? हे मधे एसटीने पुण्याला जाऊन रजा वाढवून आले. चिरे डिकीतच राहिले. भाजीला जायचं तर चिरे घेऊन, औषधाला जायचं तर चिरे घेऊन. पेट्रोल असं प्यायली गाडी की विचारू नका.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली त्या दिवशी आम्ही मायलेकींना घेऊन जयगडला निघालो. परत तीच मान मागे वळवलेली, परत तेच "हळू रे". बाळ सगळा रस्ता झोपलं. गल्लीतल्या बायकांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, सुधा आत गेली. आणि मग गवंड्याने डिकी उघडून एकेक चिरा खाली उतरवला.

उतरवता उतरवता त्याचं तोंड वाकडं झालं. इतके दिवस डिकीत एकमेकांवर घासून चिऱ्यांच्या कडा उडाल्या होत्या, कोपरे गोल झाले होते. "काकी, हे वाया गेले. जोत्याला बसायचे नाय. टाकून देऊ मागं?"

मला वाटलं, झालं, आता आमचा उद्धार होणार. हेही पाकिटाला हात घालून पुढे झाले. काकी वाकल्या. त्यांनी एका चिऱ्याच्या कडेवरून पदराने भुगा पुसला, मग उघडा तळवा फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"उंबऱ्याला बसव," त्या गवंड्याला म्हणाल्या. "धार गेली तेच बरं. उद्या पोरगी रांगत भायेर यायची, तिचे गुडघे सोलवटायचे नाय."